प्रतिसाद : चाचणी गावाची की बाळाची?

वरच्या प्रतिसादाचा सूर असा, की मेट्रो, मिहान (विमानतळालगतचा उद्योग-मालवाहतूक प्रकल्प), एम्स आलं म्हणजे नागपूर आधुनिक झालं, आणि आरोग्याची एखादी योजना चालते की नाही ते चाचणीने ठरवावं, म्हणजे योजना कोणाला द्यायची आणि तुलनेला कोणाला ठेवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. पहिलं मला अजिबात पटत नाही. दुसरं पटतं, पण चाचणी आखायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या मेडिकलमध्ये (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. ३९ गावांत हे काम, ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. माझ्या लेखी याहून आधुनिक काम विदर्भात क्वचितच झालं असेल.

मात्र ही गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. आज आखायचं तर तसंच वाटप करावं, आणि वाटपाचा घटक गाव धरावा, बाळ नव्हे; म्हणजे चिठ्ठी अख्ख्या गावाची निघावी. एकाच गावात अर्ध्याच घरांना बाळाची काळजी शिकवली तर हापशीवर ती गोष्ट उरलेल्यांना कळणारच! पण मग ४० गावांतली १००० बाळं म्हणजे १००० स्वतंत्र नोंदी होत नाहीत. एका गावाचं पाणी, दाई, रस्ता सारखाच. म्हणून बाळांपेक्षा गावांची संख्या वाढवावी लागते, आणि खर्च तिथेच चढतो.

तुमच्या मनातल्या योजनेसाठी किती गावं धरली आहेत?