नीरज नाही, साबळे नाही, मग स्पर्धा कसली?

(फोंड्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप. रविवार, २४ ऑगस्ट २०२५, संध्याकाळ.)

मास्तर (ए-१०३): चेन्नईची राष्ट्रीय आंतरराज्य अ‍ॅथलेटिक्स आज आटोपली. तमिळनाडूच्या विशाल टी. के. या पोराने ४०० मीटर ४५.१२ सेकंदांत मारली. राष्ट्रीय विक्रम. मुहम्मद अनसचा ४५.२१ चा विक्रम २०१९ पासून कुणी हलवला नव्हता. ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं ढिगाने आली, ही बातमी एकानेही टाकली नाही, म्हणून मी टाकतो.

साईश (बी-३०४): भारी मास्तर 👏

बँकवाले भाऊ (सी-२०१): अभिनंदन त्या पोराचं. पण मास्तर, स्पष्ट बोलू का? या खेपेला बघायला होतं काय? आमचा अविनाश नाही, नीरज नाही, ज्योती याराजी नाही. नवरदेवाशिवाय वरात काढल्यासारखं झालं.

तन्वी (ए-३०१): ‘आमचा’ अविनाश 😄

बँकवाले भाऊ: आमचाच. बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा गाव. माझी सासुरवाडी त्याच तालुक्यात आहे. बदली गोव्यात झाली म्हणून माणूस परका होत नाही.

मास्तर: भाऊ, तीन नावं घेतलीत आणि तिघांना एकाच रांगेत बसवलंत. शाळेत हजेरी घेताना आम्ही सुद्धा ‘आजारी’ आणि ‘दांडी’ वेगळं लिहायचो. अविनाश साबळे ११ जुलैला मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये, म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूंच्या स्पर्धामालिकेत, पाण्याच्या उडीवर पडला. गुडघ्याचा लिगामेंट आणि मेनिस्कस (आतली गादी) दोन्ही गेले, ऑपरेशन झालं. त्याच्या दीड महिना आधी त्यानेच दक्षिण कोरियातल्या गुमीला ८:२०.९२ वेळ देऊन आशियाई सुवर्ण घेतलं होतं. तो यायचा कसा?

काकी (ए-२०२): मला एक कळत नाही. धावायच्या शर्यतीत पाण्यात उड्या मारायला का लावतात बिचाऱ्यांना? पावसात आमच्या गेटसमोर तेच चालू असतं, पदक कोण देत नाही.

मास्तर: काकी, स्टीपलचेस म्हणतात तिला. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच, जाड लाकडी तुळईचा. हर्डल्ससारखा लाथ लागली की आडवा होत नाही, माणूसच आडवा होतो. पाण्याच्या उडीपाशी त्याच्या पलीकडे ३.६६ मीटर लांब खड्डा. अडथळ्याकडे पाणी खोल, पुढे उथळ होत जातं. म्हणून तुळईवर एक पाय टेकवून जितकं लांब झेपावता येईल तितकं झेपावायचं, एकाच पायावर उतरायचं आणि तोच ओला पाय घेऊन पुढे पळायचं. सातही वेळा. त्यात आजूबाजूला दहा-पंधरा जण खेटून धावत असतात, पुढचा पडला तर मागच्याला बघायला वेळ नाही. गुडघा तिथेच जातो.

काकी: अरे देवा.

बँकवाले भाऊ: आणि आमच्या पोराने ते ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत केलंय. पॅरिस, जुलै २०२४. राष्ट्रीय विक्रम. नोंद असावी.

मास्तर: नोंद आहे. ज्योतीचंही गुडघ्याचंच. १०० मीटर हर्डल्समध्ये २०२३ आणि २०२५ असं दोनदा आशियाई सुवर्ण, १२.७८ चा राष्ट्रीय विक्रम. अशी मुलगी नॅशनल्सला दिसत नाही ती मजेत घरी बसलीय म्हणून नाही.

साईश: ते दोघे ठीक आहे. पण नीरजचं काय? तो फिट आहे. दोहाला भाला ९०.२३ मीटर फेकला, पॅरिसला ८८.१६ फेकून जिंकला. मग देशातल्या मुख्य स्पर्धेला यायला काय झालं? बाकीच्यांना म्हणे टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी निवड हवी तर आंतरराज्यला खेळावंच लागतं. मोठ्या माणसाला नियम वेगळा.

तन्वी: साईश, येत्या २८ ला झ्युरिकला डायमंड लीगची फायनल आहे. चेन्नईच्या उकाड्यात चार दिवस आधी खांदा कशाला झिजवायचा? शुक्रवारच्या ब्रसेल्सलाही तो गेला नाही. वर्ल्ड चॅम्पियनशिपला त्याला निवड लागतच नाही, २०२३ च्या बुडापेस्ट वर्ल्डचा विजेता म्हणून थेट प्रवेश आहे.

साईश: म्हणजे देशाच्या स्पर्धेपेक्षा झ्युरिक मोठं?

तन्वी: भालाफेकीत, हो.

साईश: 🙄

मास्तर: साईशचं सगळंच चुकीचं नाही. मोठा खेळाडू मैदानात आला की बाजूचा पोरगा दोन मीटर जास्त फेकतो, हे मी बघितलंय. नीरज गेल्या वर्षी मे महिन्यात भुवनेश्वरला फेडरेशन कपला आला होता, टोकियो ऑलिंपिकनंतर पहिल्यांदाच देशात खेळला. पहिल्या तीन फेऱ्या कर्नाटकचा डी. पी. मनू पुढे होता. चौथ्या फेरीत नीरजने ८२.२७ टाकला आणि उरलेल्या दोन फेका सोडून दिल्या. मनू ८२.०६. एकवीस सेंटीमीटर, म्हणजे वीत भर! ऑलिंपिक विजेत्याच्या वीतभर मागे. आता विचारा तो मनू चेन्नईत कुठे होता.

साईश: कुठे होता?

मास्तर: बंदीत. उत्तेजकांच्या चाचणीत सापडला, पॅरिस ऑलिंपिकच्या आधीच निलंबित झाला, पुढे चार वर्षांची बंदी लागली. भाऊ, खरी गैरहजेरी ही. गुडघा गेला त्याचं वाईट वाटतं, झ्युरिकला गेला त्यावर भांडता येतं. या तिसऱ्या प्रकाराबद्दल आपण बोलतच नाही.

सेक्रेटरी (बी-१०१): मध्येच बोलतो, माफ करा. गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधायला मंगळवारी दुपारी चार माणसं हवीत. शिडी माझ्याकडे आहे.

बँकवाले भाऊ: मी आहे. मास्तर, पुढे.

मास्तर: सप्टेंबर २०२३. दिल्ली राज्य अ‍ॅथलेटिक्स, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. शेवटच्या दिवशी नाडाचे, म्हणजे देशाच्या उत्तेजक-विरोधी संस्थेचे, अधिकारी लघवीचे नमुने घ्यायला आले अशी कुणकुण लागली. पुरुषांच्या १०० मीटर फायनलला ब्लॉक्सपाशी उभा किती जण? एक. बाकी लेन रिकाम्या. स्टीपलचेसमधली एक ज्युनियर मुलगी शर्यत संपली तरी थांबेना, मागे अधिकारी धावत.

काकी: एकटाच पळाला तो?

मास्तर: एकटाच. आणि मला वाटतं त्या दिवशीचं खरं पदक त्यालाच द्यायला हवं होतं, वेळ काहीही असो.

तन्वी: हे हसण्यासारखं वाटतं, पण नाहीये. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या, आकड्यांत २०२३ साली भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले, २१३ पॉझिटिव्ह. ३.८ टक्के. एवढ्या चाचण्या घेणाऱ्या देशांत आपण वर.

सेक्रेटरी: म्हणजे या विशालवर तरी विश्वास ठेवायचा का? विक्रम झाला की आता हात आपोआप आखडतो.

मास्तर: सेक्रेटरीसाहेब, चोराच्या भीतीने घरच सोडून जायचं नसतं. वरच्या फळीतल्या खेळाडूला रोज एक तास आधी कळवून ठेवावा लागतो, त्या तासात मी अमुक ठिकाणी सापडेन असा. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की कारवाई. पहाटे पाचला दार वाजतं. ज्याने हे सगळं सांभाळून वेळ दिली त्याला पुरावा मिळेपर्यंत आपण चोर म्हणायचं नाही. आणि विशाल काही आकाशातून पडलेला नाही. मे महिन्यात गुमीला मिश्र रिले सुवर्ण मिळालं, त्या चौघांत तो होता. संतोष, रूपल, विशाल, सुभा.

बँकवाले भाऊ: ०.०९ सेकंदाने विक्रम मोडला म्हणता. एवढ्यात तर शिंकही पुरी होत नाही.

मास्तर: मीटरमध्ये मोजा. ४५.१२ म्हणजे सेकंदाला जवळपास ८.९ मीटर. ०.०९ सेकंद म्हणजे सुमारे ८० सेंटीमीटर. अनसच्या जुन्या धावेशेजारी ठेवलं तर विशाल अर्ध्या ढांगेहून कमी पुढे. सहा वर्षांत देशातल्या सगळ्या ४००वाल्यांना मिळून ते ८० सेंटीमीटर सापडले नव्हते. ४०० ही वाईट शर्यत आहे भाऊ. तीनशे मीटरपर्यंत सगळेच देखणे धावतात. शेवटच्या शंभरात मांड्या दगडासारख्या होतात, खांदे कानाला लागतात, मान मागे जाते. तिथे कुणी वेग वाढवत नसतो, ज्याचा वेग कमी ढासळतो तो जिंकतो. पोरांना हे पटवायला माझी अख्खी नोकरी गेली.

साईश: मग तो टोकियोला जाणार ना वर्ल्डला?

मास्तर: थेट निकषाने नाही. निकष ४४.८५ चा. अजून ०.२७, म्हणजे जवळपास अडीच मीटर. पात्रतेची मुदत आजच संपली.

साईश: काय राव. देशाचा विक्रम करून पण नाही?

तन्वी: अनिमेष कुजूरचं बघ ना. एप्रिलमध्ये कोचीला फेडरेशन कपात २०० मीटर २०.४०, राष्ट्रीय विक्रम. मेमध्ये गुमीला २०.३२, पुन्हा विक्रम आणि कांस्य. जुलैत ग्रीसला १०० मीटर १०.१८, तोही विक्रम. आणि २०० चा निकष २०.१६. रँकिंगचं दार असतं, जागतिक क्रमवारीवरूनही प्रवेश मिळतो, म्हणून बरं. आपला देशातला उंबरठा आणि जगाचा उंबरठा यात अजून अंतर आहे, पण दोन वर्षांपूर्वी ते मोजायचीही लाज वाटायची.

बँकवाले भाऊ: छत्तीसगडचा ना तो?

तन्वी: हो, सरावाला ओडिशात.

मास्तर: आणि भाऊ, तुम्ही गैरहजर मोजलेत, परत आलेला मोजला नाहीत. श्रीशंकर. लांब उडी. बँकॉकला ८.३७ मारून पॅरिसचं तिकीट खिशात होतं. एप्रिल २०२४ मध्ये सरावात गुडघा गेला आणि ऑलिंपिक टीव्हीवर बघितलं. या जुलैत पुण्यात परतला ८.०५ ने. भुवनेश्वरला ८.१३. आता चेन्नईत ८.०६ आणि सुवर्ण. लांब उडीवाल्याला त्याच पायाने पुन्हा फळीवर आदळायचं असतं ज्याने दगा दिला. मी बांबोळीला २०२३ च्या नॅशनल गेम्सला खड्ड्यापाशी वाळू सारखी करायच्या ड्युटीवर होतो. जवळून आवाज येतो तो, फळीवर पाय पडल्याचा. दार आपटल्यासारखा. टीव्हीवर ऐकूच येत नाही.

सेक्रेटरी: बांबोळी म्हणजे आयएसएलचं ग्राउंड ना? मला ते फुटबॉलचंच वाटायचं.

मास्तर: गोव्यात सगळ्यांना तसंच वाटतं, तेच तर दुखणं! फुटबॉलच्या भोवती निळी-लाल पट्टी दिसते तो ट्रॅक आहे हो. नॅशनल गेम्सचं अ‍ॅथलेटिक्स तिथेच झालं. उद्घाटन फातोर्ड्याला, मोगा या शुभंकराचे फलक सगळीकडे, पण बांबोळीच्या गॅलरीत डबे घेऊन आलेले पालक आणि इतर राज्यांचे कोच. हांगझोऊचे आशियाई खेळ ८ ऑक्टोबरला संपले आणि आपले २६ ला सुरू झाले. मोठी नावं थकलेली, बरीचशी आलीच नाहीत. तेव्हाही लोक भाऊंसारखंच म्हणाले, नीरज नाही तर जायचं कशाला.

बँकवाले भाऊ: मी त्या वेळी गोव्यात नव्हतो, माझ्यावर घालू नका. पण महाराष्ट्र पहिला आला होता एवढं ठाऊक आहे. २२८ पदकं.

काकी: आणि गोव्याची ९२. आमच्या पोरांची पण सांगा की. 💪

मास्तर: सांगतो काकी. ९२ चांगलीच. फक्त ट्रॅकवरची किती, ते विचारू नका.

साईश: मास्तर, मला अजून पटलेलं नाही. श्रीशंकर आला, विशाल आला, रोहित यादव ८३.६५ टाकून जिंकला, मान्य. पण नीरज एक दिवस येऊन दोन फेका टाकून गेला असता तर चेन्नईचं स्टेडियम भरलं असतं. त्या रोहितलाही बरं वाटलं असतं.

तन्वी: जुलैत बेंगळुरूला फेकला ना देशातच. स्वतःच्या नावाच्या स्पर्धेत, ८६.१८.

साईश: तिथे स्टेडियम भरलंच होतं. मी तेच म्हणतोय.

मास्तर: या मुद्द्यावर मी साईशच्या बाजूने. दरवर्षी नको, पण दोन वर्षांतून एकदा मोठ्यांनी नॅशनल्सला यावं. निवडीसाठी नाही. रोहितसारख्याला बाजूला उभं राहून त्यांचा रन-अप बघता यावा म्हणून.

तन्वी: आणि खांदा गेला तर तुम्हीच म्हणाल, कशाला खेळवला.

मास्तर: म्हणेन. 😀

बँकवाले भाऊ: ते जाऊ दे. २८ ला झ्युरिक किती वाजता?

तन्वी: आपल्याकडे रात्री उशिरा, अकराच्या पुढे. गेल्या वर्षी ब्रसेल्सला नीरजची फायनल एका सेंटीमीटरने गेली होती. ८७.८६ ला ८७.८७. तेही डाव्या हाताचं हाड मोडलेलं असताना.

सेक्रेटरी: २८ ला दीड दिवसाचे बाप्पा जाणार. विसर्जन साडेसातला ठेवलंय, म्हणजे साडेनऊला सगळे परत. क्लब हाउसची चावी माझ्याकडे आहे. पण आवाज कमी, सी विंगमध्ये लहान बाळ आहे.

साईश: प्रोजेक्टर माझा. मास्तर कॉमेंट्री.

काकी: खतखतें आणि नेवऱ्या उरलेल्या असतील, आणीन. वाट्या आपापल्या आणा, गेल्या खेपेला माझ्या सहा गेल्या.