अनुभव धागा: कामावर खालच्या माणसाचं कुणी ऐकलं का?

उद्यमनगरकर: पावसानं जोर धरला की मला शिरोली एमआयडीसीतली आमची जुनी फौंड्री आठवते. पावसाळ्यात कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाला, ब्लो होल (वाफेची-हवेची भोकं) यायचे, रिजेक्शन वाढायचं आणि सगळा राग मोल्डरवर, म्हणजे साचा करणाऱ्यावर, निघायचा. माल आतनं पोकळ राहावा म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, तो कोर. एकदा कोर शॉपमधल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, कोर रातभर फरशीवर ठेवता. सकाळी हाताला गार लागत्यात. ओल धरत्यात ते." सीओटू गॅसनं घट्ट केलेल्या कोरमधलं सोडियम सिलिकेट (वाळू धरून ठेवणारं) हवेतली ओल ओढतं आणि ओतताना तिची वाफ होते हे आम्ही कॉलेजात शिकलेलो. मावशींना ते हातानं कळत होतं. मग लोखंडी रॅक केला, वर झाकण, आणि आधी केलेला कोर आधी वापरायचा असं ठरलं. माल सुधारलेला दिसायला लागला. मालकांनी सगळ्या शिफ्टसमोर मावशींचं नाव घेतलं, त्यानंतर फेटलिंगची (माल घासून साफ करणारी) पोरं पण बोलायला लागली. तुमच्याकडं काय झालंय? लिहा सगळ्यांनी.

कागलची पोरगी: आमच्यात सूचना पेटी आहे. मी चिठ्ठी टाकलेली, पॅकिंग टेबल उंच करा म्हणून, बायकांची कंबर जाते वाकून. हो नाही की नाही नाही. परत कशाला लिहू सांगा.

लेथवाला: @कागलची पोरगी तेच तर. माणूस नकाराला घाबरत नाही, उत्तरच येत नाही तेव्हा गप्प होतो.

आमच्या आधीच्या कंपनीत महिन्याला प्रत्येकानं एक कायझेन, म्हणजे छोट्या सुधारणेची सूचना, भरायचंच. मग काय, 'झाडू जागेवर ठेवला', 'बोर्ड पुसला'. टोयोटानं 1951 ला सूचना योजना चालू केली, त्यांची माणसं अमेरिकेत फोर्डकडं बघून आलेली. टोयोटाची पद्धत आमच्याकडं आणली पण नुसता फॉर्म आला. सुपरवायझरनं मशीनपाशी उभं राहून माणसाशी बोलायचं असतं, ते राहिलंच. लई वाईट वाटतं.

इचलकरंजीकर: आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांडी (आडव्या सुताची नळी) भरायला जायची. कुठल्या मागावर सूत सारखं तुटतंय ते तिला जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्याच्या) आधी कळायचं, कारण त्याच मागाच्या कांड्या अर्धवट परत यायच्या. मालक भला माणूस, रोज संध्याकाळी तिला विचारायचा, आज कुठला माग? पगारात पण धरलं त्यानं ते. बाकी नंतर लिहितो, लाईट गेली.

सिस्टर ताई: नाईटला आहे, पटकन लिहितो. वॉर्डातल्या आयामावशींनी सांगितलं, बेल खाटेच्या उजवीकडं आहे आणि सलाईन पण बऱ्याचदा उजव्याच हाताला. पेशंटनं दाबायची कशी? वायर लांब करून घेतली, आता उशीपाशी असते. डॉक्टर, मी, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

रंकाळा स्टँड: ताई जेवलात का?

सिस्टर ताई: डबा खाल्ला. झुणका होता 🙂

रंकाळा स्टँड: बरं झालं. माझं वर्कशॉप आहे लहान, सात-आठ पोरं. विचारलं की माना खाली घालतात. काय करू?

उद्यमनगरकर: भावा, 'आयडिया सांगा' म्हणू नको. शिफ्ट सुटताना एकेकट्याला विचार, आज हात कुठं अडला? सगळ्यांसमोर तर नकोच. आणि होणार नसेल तर दुसऱ्या दिवशी कारण सांग, खर्च असला तर खर्च सांग. ज्याचं केलंस त्याचं नाव घे. फोरमनचं नाही, त्याचं.

लेथवाला: बक्षीस ठेवलंस तर लहान ठेव आणि सगळ्या टीमला दे. एकट्याला मोठी रक्कम दिली की भांडणं लागतात, बघितलंय.

रंकाळा स्टँड: ड्रिलवरचा एकजण परवा काहीतरी बोलत होता, बुरादा उडतो म्हणून. त्याच्यापासनं सुरू करतो.

कागलची पोरगी: चष्मा दिलाय का त्याला? आधी तो द्या.

रंकाळा स्टँड: आणतो सकाळीच.