बायोप्सीचा तुकडा मुंबईला का जातो? फोटो का जात नाही?

देवरुखचा_नातू
आत्याच्या गालाच्या आतून पांढरा चट्टा आला. चाळीस वर्षं मिश्री लावतेय, त्यामुळे सगळ्यांच्या मनात एकच शंका. जुलैत तालुक्याच्या गावी तुकडा काढला, बाटली कुरियरने मुंबईला. मध्ये घाटात दरड, मग रविवार. रिपोर्ट अठराव्या दिवशी. तोवर घरात कुणी धड जेवलं नाही.

स्लाईड स्कॅनर नावाचं यंत्र आहे. काचपट्टी ४०च्या भिंगाखाली पट्ट्यापट्ट्यांनी टिपून एकच अखंड चित्र जोडतं, एका पिक्सेलला साधारण पाव मायक्रॉन. अमेरिकेत २०१७ सालीच अशा चित्रावरून थेट निदान करायला मान्यता मिळाली. आता ओरोसला आणि रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. तिथे एकेक स्कॅनर बसवा. स्लाईड इथे बनेल, बघणारे डोळे मुंबईचे. माझं काही चुकतंय का?

निवृत्त_लॅबवाला_कणकवली
चुकतंय. फोटो कशाचा काढणार? आधी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या झोंबऱ्या द्रावणात, मुरायला हवा, मग अल्कोहोल, झायलीन, मेण. मेणाच्या ब्लॉकची मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनची चकती कापायची, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायची, रंगवायची. यात दोन-तीन दिवस जातातच, आणि हे करणारा हात महत्त्वाचा. चकतीला घडी पडली किंवा ती जाड कापली गेली, तर स्कॅनर घडीचाच सुंदर फोटो काढील. कोकणात टेक्निशियनची जागा भरा आधी.

मालवणी_तिरफळ
माका एक सांगा, पावसात आमच्याकडे दोन-दोन दिस लाईट नसता. ह्या मशीन काय कंदिलार चलतला?

पॅथॉलॉजिस्ट_परळ
मी रोज स्क्रीनवर स्लाईड बघते, म्हणून नातवाच्या बाजूने. लॅबवाले काका म्हणतात ते दोन-तीन दिवस कुणालाच चुकत नाहीत, पण उरलेले पंधरा कुठे गेले? प्रवासात आणि आमच्या टेबलावरच्या ढिगात. चित्र आलं की तोंडाच्या कॅन्सरची वेगळी सवय असलेल्या सहकाऱ्यालाही त्याच दुपारी दाखवता येतं. मात्र फाईल एक-दोन जीबीची असते, मोबाईलच्या नेटवर भागणार नाही.

आणि कृपा करून मायक्रोस्कोपच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाईल लावून काढलेले फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. पाठवणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं तेवढंच त्यात दिसतं, आणि गडबड नेमकी शेजारच्या भागात असते.

आशाताई_रायगड
सगळे तुकडा काढल्यानंतरचं बोलताय. चट्टा दिसायला बॅटरी आणि डोळे पुरतात. केरळात गावोगावी लोकांची तोंडं नुसती तपासली, तर तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. हे २००५ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. आपल्याकडे तिशीपुढच्यांची तोंडं तपासायचा सरकारी कागद २०१६चा आहे. पण बाई पदर तोंडावरून काढत नाही आणि पुरुष म्हणतो, ‘दात दुखत नाही तर बघता कशाला?’ तुमचा स्कॅनर येईल तेव्हा येवो.

देवरुखचा_नातू
ताई, पण तुम्ही चट्टा शोधलात तरी पुढे तीच बाटली आणि तोच घाट ना? शोधून अठरा दिवस टांगून ठेवणं हा कुठला न्याय?

निवृत्त_लॅबवाला_कणकवली
बरं नातू, एक सांगा. तुकडा टाकला त्या बाटलीतल्या पाण्याला वास होता? डोळ्यांना, नाकाला झोंबणारा?

देवरुखचा_नातू
नाही हो. साधं पाणीच वाटलं. का? आणि खरं सांगायचं तर ते अठरा दिवस पहिल्या रिपोर्टचे. त्यात लिहिलं होतं, ‘पेशी विघटित, निदान शक्य नाही, नवीन नमुना पाठवावा.’ तुकडा पुन्हा काढावा लागला.

निवृत्त_लॅबवाला_कणकवली
वाटलंच. सलाईनमध्ये टाकला असणार. जुलैच्या उकाड्यात वाटेतच कुजला. इथे जगातला सर्वांत भारी स्कॅनर काय करणार होता? दहा पट फॉर्मॅलिन आणि रुंद तोंडाची बाटली, एवढंच हवं होतं.

पॅथॉलॉजिस्ट_परळ
काका, मुद्दा मान्य. पण स्लाईड रत्नागिरीत बनली असती, तर नमुना खराब आहे हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं असतं, अठराव्या नाही. हा सवाल तुमच्या बाजूचा की नातवाच्या?

निवृत्त_लॅबवाला_कणकवली
टेक्निशियनच्या बाजूचा. स्कॅनर नंतर बघू. आणि आणलातच तर एसी खोलीत ठेवा. आमच्या मायक्रोस्कोपच्या भिंगावर दर पावसाळ्यात बुरशी चढायची, सिलिकाच्या पुड्या बदलून हात दुखायचे.

मालवणी_तिरफळ
आत्या कशी आसा आता?

देवरुखचा_नातू
दुसरा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पेशी थोड्या बदलल्यात, दर तीन महिन्यांनी दाखवा म्हणाले. मिश्रीची डबी मी लपवली होती. तिने दुसरी आणली.