कामगंध, माग आणि मुंग्यांची ओळ

जांबोटीवाली : मुंग्यांवरचा एक कन्नड धडा मराठीत करतेय. 'फेरोमोन'पाशी, म्हणजे प्राणी आपल्या जातीतल्यांना खुणावायला अंगातून सोडतात त्या द्रव्यापाशी, गाडी अडली. गडहिंग्लजच्या दुकानातून येणाऱ्या मराठी पत्रकात 'कामगंध सापळा' असतो, बेळगावहून येणाऱ्या कन्नड पत्रकात 'मोहक बले'. म्हणून मी सरळ लिहिलं, 'मुंग्या वाटेवर कामगंध सोडत जातात.' अण्णांनी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की. जिथं काम आहे तिथला वास." दरवर्षी हरभऱ्यात स्वतःच्या हातानं सापळे टांगणारा माणूस! इतकी वर्षं त्यांनी 'काम' म्हणजे भांगलणीचं काम तसलंच काम धरलंय. आता शब्द ठेवू की काढू?

निपाणीकर : काढा. सापळ्यात घाटेअळीच्या मादीचा गंध असतो, नर पतंग भुलून येतो. तिथं 'काम' शोभतो. ओळीतल्या मुंग्या कामकरी. आहेत माद्याच, पण खाणं शोधताना त्यांना कसला आलाय कामगंध? मूळ शब्द 1959 चा. कार्लसन आणि ल्यूशर यांनी ग्रीकमधून जोडला, 'वाहून नेणं' आणि 'चेतवणं'. त्यात काम नाही, क्रोधही नाही. मात्र त्याच वर्षी रेशमाच्या पतंगाच्या मादीचं आकर्षक द्रव्य शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं, आणि आपल्याकडं शेतकऱ्यापर्यंत हा विषय पोचला तो सापळ्याबरोबर. काम चिकटला तो तसाच असणार.

वडगावचा : कामकरी मुंग्यांचा तो कामगंध. अण्णांचं काय चुकलं वो?

चिकोडीचे गुरुजी : चुकलं ते असं, की उद्या पोरं परीक्षेत तेच लिहितील. 'संदेशगंध' करा, नाहीतर 'गंधसंकेत'. मराठीत शब्द घडवायला धातूंची वाण नाही.

निपाणीकर : गुरुजी, 'गंध' तरी कुठं पुरतोय? दोन मुंग्या समोरासमोर आल्या की मिशांनी एकमेकींचं अंग चाचपतात. अंगावर मेणचट थर असतो, त्यातल्या हायड्रोकार्बनांच्या मिश्रणावरून वारुळातली कोण आणि परकी कोण हे कळतं. याला हुंगणं म्हणायचं, चाखणं म्हणायचं की चाचपणं?

चिकोडीचे गुरुजी : मिशा नव्हे, शृंगिका. आणि वारूळ रचते वाळवी. मुंगीचं ते बीळ.

वडगावचा : शृंगिका म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं बैल उभा राहतो.

कडोलीची सून : मला एक विचारायचंय. दिवाळीत कुंद्याच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या, खिडकीपासून फडताळापर्यंत ओळ. सासूबाईंनी डबा हलवला नाही की हळद टाकली नाही. ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवर मधोमध वीतभर जागा पुसली. दोन्हीकडच्या मुंग्या तिथं येऊन थबकल्या. पुढं होतात, माघारी फिरतात, पुन्हा येतात. सासूबाई म्हणाल्या, "वास तुटला." असं म्हणताना आणखी कुणी ऐकलंय का? माझ्या माहेरी, संकेश्वरला, नाही.

चिकोडीचे गुरुजी : 'माग तुटला' असं म्हणाल्या असतील. वास तुटत नाही, जातो.

कडोलीची सून : वासच म्हणाल्या. मी समोर उभी होते.

निपाणीकर : शब्द मस्त आहे. डबा हलवला असता तरी ओळ मोडली असती, पण सावकाश. परतणाऱ्या मुंगीला खाणं मिळालं असेल तर ती वाटेवर खूण टाकते. रिकामी आली तर टाकत नाही, आणि आधीची खूण उडून जाते. म्हणजे सासूबाईंनी तोडला तो वास, आणि एरवी विरतो तोही वासच.

जांबोटीवाली : 'वास तुटला' धड्यात घेते! आता पुढचा खोडा. विल्सन नावाच्या शास्त्रज्ञानं जिवंत मुंगीला ओलेइक आम्लाचा ठिपका लावला. मेलेल्या मुंगीच्या अंगात ते साचतं. बाकीच्यांनी तिला उचललं आणि पाय झाडत असतानाच उकिरड्यावर नेऊन टाकलं. ती परत आली की पुन्हा तेच, अंग चाटूनपुसून साफ करीपर्यंत. 'प्रेतगंध' लिहिलं तर तिसरीतली पोरं रात्री झोपायची नाहीत.

निपाणीकर : 'मेल्याचा वास' लिहा की. आणि तेच आम्ल आपल्या शेंगतेलातही असतं म्हणून सांगा, तिथं फक्त बांधलेलं असतं. पोरं हसतील.

वडगावचा : गुरुजी, तुमच्या 'मागा'चं राहिलं. आमच्या वडगावात माग म्हणजे दिवसरात्र खटखटतो तो. लहानपणी 'चोराचा माग काढला' वाचलं तेव्हा मला वाटलं, चोराच्या घरातनं यंत्रमाग उचलून आणला! मला विचाराल तर दोन्ही शब्द एकच असणार. धोटा एकाच वाटेनं जातो-येतो, मुंगीही तशीच.

निपाणीकर : छान आहे, पण ओढूनताणून आहे. वाटेचा माग 'मार्गा'पासूनचा. विणायच्या मागाला कन्नडमध्ये 'मग्ग' म्हणतात, आणि वाटेच्या मागाला 'जाडु'. दोन वेगळी घराणी आहेत ती.

चिकोडीचे गुरुजी : मग्ग त्यांनी आपल्याकडून उचलला नसेल कशावरून?

निपाणीकर : आणि आपण त्यांच्याकडून नसेल कशावरून? माग दोन्हीकडचे विणकर चालवतात. 1956 पासून एक वाद पुरेसा आहे, त्यात मागाची भर नको.

चिकोडीचे गुरुजी : वाद नाही, व्युत्पत्ती विचारली.

जांबोटीवाली : अहो, सोमवारी धडा द्यायचाय. सध्या लिहिलंय, 'मुंग्या वासाचा माग ठेवतात', आणि एकदाच 'फेरोमोन'. कामगंध अजून काढलेला नाही, अण्णा रुसतील.

वडगावचा : ताई, आमच्या शाळेतली पोरं विचारणार, मुंग्या विणतात होय?

जांबोटीवाली : विणतात की! आमच्या आंब्यावर तांबड्या मुंग्या असतात. तोंडात आपली अळी धरतात, तिच्या रेशमानं पानाला पान जोडतात. फांदीला हात लागला तर एक चावते आणि आम्ल फवारते, त्या वासानं बाकीच्या धावत येतात.

चिकोडीचे गुरुजी : त्याला विणणं नव्हे, शिवणं म्हणतात.

वडगावचा : गुरुजी, शिवायला सुई लागते. इथं धोटा आहे, तोही जिवंत. ताई, विणतात असंच लिहा.

कडोलीची सून : सासूबाईंना आत्ता विचारलं. म्हणतात, "मी 'वाट मोडली' म्हणाले होते."