इन्सुलिन पंप: ९ वर्षांच्या मुलीसाठी कोणता घ्यावा?

संगमनेरची_आई
नमस्कार. लेक ९ वर्षांची, टाइप १ डायबिटीसचं निदान होऊन दोन वर्षं झाली. रात्री ग्लार्जिन (हळूहळू, दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन), जेवणाआधी ॲस्पार्ट (झटपट काम करणारं), दिवसाला चार-पाच टोचण्या. पहाटे चारनंतर साखर चढते. रात्रीचा डोस वाढवला तर दोन वाजताच ५५! दीड महिना गजर लावून उठतेय. डॉक्टर म्हणाले पंपाचा (अंगावर लावून सतत इन्सुलिन देणारं यंत्र) विचार करा. बजेट अडीच लाख, त्यावर खरंच जमणार नाही. मिनिमेड ७२०जी घेऊ की वापरलेला एखादा चालेल? वापरणाऱ्यांनीच सांगा.

ठाणेकर_बाबा
ताई, डोळे मिटून मिनिमेडचाच ७८०जी घ्या. दर पाच मिनिटांनी सेन्सर (त्वचेवरचा साखर मोजणारा) बघून स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करतो. पहाटेच्या चढीवर हाच उपाय. आम्ही टार्गेट १२० वर सुरू केलं, आता १०० वर आहोत. दोन वर्षांत पहिल्यांदा मी रात्रभर झोपलो. कर्ज काढलं, पण पैसे वसूल.

न्यूजर्सी_मावशी
माझा भाचा इथे ऑम्निपॉड ५ वापरतो. नळीच नाही, पॉड अंगाला चिकटवायचा, तीन दिवसांनी नवा. डिसेंबरमध्ये येतेय, आणू का?

ठाणेकर_बाबा
मावशी, महिन्याला दहा पॉड लागणार. तुम्ही परत गेल्यावर त्या माउलीने कुठून आणायचे? बिघडला तर बदलून कोण देणार?

आरोग्यम्_६५
मुलीला पोळी बंद करून ज्वारीची भाकरी द्या. माझी साखर तीन महिन्यांत आटोक्यात आली. पंपबिंप लागणार नाही.

चंद्रपूरकर_टी१
काका, तुमचा टाइप २ असणार. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही, भाकरी खाल्ली तरी टोचावंच लागतं. असं वाचून कुणी इन्सुलिन थांबवलं तर पोरं जिवाला मुकतात. आणि भाकरीतही कार्ब असतातच: ३० ग्रॅम पिठाला साधारण २० ग्रॅम.

ताई, मी ११ वर्षं पंपावर आहे. कोणताही घ्या, पण हे आधी ऐका. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, ग्लार्जिनसारखा आधार नसतो. मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात माझी साखर ३८०. पंपातूनच तीनदा करेक्शन (साखर उतरवायचा जादा डोस) दिलं, उतरेना. संध्याकाळी उलट्या सुरू, कीटोनची पट्टी गडद जांभळी, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्याची धोक्याची खूण. सेट (पंपाची नळी) उपटून पाहिला तर कॅन्युलाचं, म्हणजे त्वचेखालच्या बारीक नळीचं, टोक गळासारखं वाकलेलं, थेंबही आत गेला नव्हता. तेव्हापासून नियम: एका करेक्शनने दोन तासांत उतरली नाही तर पुढचा डोस पेननेच, आणि सेट नवा. शाळेच्या दप्तरातही पेन हवंच. हे शाळेत कोण करणार, ते पंप घेण्याआधी ठरवा.

पुणेरी_पालक
७८०जी +१. आमच्याकडेही तोच.

मेडिकलवाला_दादा
मी दुकानात बसतो म्हणून सांगतो. पंपाच्या किमतीवर जाऊ नका. सेट तीन दिवसांनी, म्हणजे महिन्याला दहा. सात दिवसांचा सेन्सर असेल तर चार-पाच. शिवाय रिझर्व्हायर (इन्सुलिन भरायची नळकांडी). याचं लेखी कोटेशन घ्या आणि चार वर्षांचा हिशोब मांडा, अडीच लाख कुठे संपतात ते कळेल. दुसरं, पंपाला १०० युनिट प्रति मिलीचंच इन्सुलिन लागतं. नुसतं 'इन्सुलिन' मागितलं तर ४० वाली बाटलीही हातात पडते. ती भरली तर निम्म्याहून कमी डोस जाईल.

सोलापुरी_जय
वापरलेला मी घेतला होता. सात महिन्यांत बटण बसलं, वॉरंटी माझ्या नावावर नाही, कुणी हात लावेना. पैसे बुडाले.

पुणेरी_पालक
वापरलेला नकोच. ७८०जी घ्या.

संगमनेरची_आई
सगळ्यांचे आभार. दादांनी सांगितला तसा हिशोब काढला. महिन्याचा खर्च आमच्या घराच्या हप्त्याएवढा येतोय, आणि पैसे संपले म्हणून मधेच पंप काढायची वेळ मला तिच्यावर आणायची नाही. लेकीलाही विचारलं. म्हणाली, खो-खोला कमरेला काही नको. डॉक्टरांशी बोलून आत्ता पंप घेत नाही. ग्लार्जिनऐवजी डेग्लुडेक (त्याहून जास्त वेळ चालणारं इन्सुलिन), अर्ध्या युनिटचं पेन आणि १४ दिवसांचा अलार्मवाला सेन्सर.

ठाणेकर_बाबा
ताई, चुकताय असं मनापासून वाटतं. पंप ०.०२५ युनिटसुद्धा देतो, अर्धं युनिट लहान मुलांना जास्तच. पहाटेसाठी वेगळा बेसल (जेवणाशिवाय सतत लागणारं इन्सुलिन) पेनने देताच येत नाही.

चंद्रपूरकर_टी१
खरं आहे, पण खर्च झेपला नाही तर काय उपयोग? ताई, अलार्म ७० वर नको, ८० वर ठेवा, म्हणजे हाताशी वेळ राहतो. आणि डेग्लुडेकचा डोस बदलला की तीन-चार दिवस थांबा, रोज बदलू नका.

संगमनेरची_आई
८० वर ठेवला. काल रात्री २:४० ला वाजला, ७९ आणि बाण खाली. उठवून बसवलं, अर्धा कप दूध दिलं. तीनला ९६. मग मीही झोपले, सहापर्यंत.