उणे चाळीसमधली अप्रेंटिसशिप : अनुभव धागा

कॅनडा आणि अमेरिकेत युनियनच्या मार्फत इलेक्ट्रिशियन, प्लंबर किंवा काँक्रीटचे काम शिकणाऱ्या मराठी मंडळींना आम्ही एवढीच विनंती केली होती की, हिवाळ्यात साइटवर प्रत्यक्ष काय घडते ते सविस्तर लिहावे. पगार आणि व्हिसा या विषयांवर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते येथे नको. लिहिणाऱ्यांची आणि कंपन्यांची नावे दिलेली नाहीत.

एडमंटन, इलेक्ट्रिशियन, तिसरे वर्ष

आयटीआयचा वायरमन ट्रेड आणि एमआयडीसीतली नऊ वर्षे पाठीशी होती, परंतु अनुभवाची कागदपत्रे धड नसल्यामुळे मी चौतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या वर्षाचा अप्रेंटिस झालो. जर्नीमनच्या, म्हणजे पूर्ण शिकलेल्या कारागिराच्या, निम्म्या दराने माझी सुरुवात झाली. पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळली : थंडी काम करणाऱ्याला कमी लागते, उभ्या राहणाऱ्याला जास्त लागते. जर्नीमन शिडीवर चढतो, पाइप वाकवतो, केबल ओढतो, त्यामुळे त्याचे अंग गरम राहते. खाली शिडी धरणारा आणि रिळातून केबल सोडणारा अप्रेंटिस मात्र एकाच जागी गोठत असतो. माझ्या पायाची बोटे आधी दुखायची, नंतर दुखायची थांबायची, आणि मला वाटायचे की सवय झाली. एका म्हाताऱ्या फोरमनने बजावले की, दुखते तोवर ठीक आहे, दुखायचे थांबले की त्याच क्षणी आत जायचे.

जानेवारी २०२४ मध्ये येथे पारा उणे ४० च्या खाली गेला. १३ तारखेला संध्याकाळी वीज जपून वापरा, असा आपत्कालीन संदेश सगळ्या प्रांताच्या मोबाइलवर आला होता. त्याच आठवड्यात आमच्या ताडपत्रीच्या तंबूतला प्रोपेनचा हीटर मंद होत विझला. सिलिंडर संपला असे समजून मी दुसरा बर्फातून ओढत आणला, तोही पेटेना, मग तिसरा. फोरमन पोट धरून हसला आणि मग त्याने समजावले की, प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे इतक्या थंडीत भरलेल्या सिलिंडरमध्येही द्रवाचा वायू जवळजवळ होतच नाही. शेवटी डिझेलवर चालणारा हीटर आणावा लागला.

माझी स्वतःची चूकही सांगतो. केबलचे वेटोळे रात्री गरम खोलीत ठेवायचे असते. मी ते गाडीतच विसरलो. सकाळी पहिलाच बाक देताना वरचे आवरण कडकन तडकले, आवाज वाळलेली काटकी मोडल्यासारखा झाला. पूर्ण वेटोळे बाद झाले. जर्नीमन ओरडला नाही; त्याने तो तडकलेला तुकडा कापून माझ्या हातात दिला. तो अजून माझ्या टूलबॅगमध्ये आहे.

मिनियापोलिस, प्लंबर, दुसरे वर्ष

आमच्याकडे पाया घालताना जमीन गोठण्याची खोली ४२ इंच धरतात, मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात ती ६० इंच आहे. जानेवारीत खणायचे असेल तर आधी जमीन वितळवावी लागते. गरम ग्लायकॉल, म्हणजे सहज न गोठणारा द्रव, खेळवलेले रबरी नळ जमिनीवर नागमोडी अंथरतात, त्यावर जाड ब्लँकेट घालतात आणि वाट बघतात. ते नळ अंथरणे आणि गुंडाळणे हे अर्थातच अप्रेंटिसचे काम.

कपड्यांबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात लिहिते : अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घाम धरून ठेवतो आणि काम थांबले की तोच घाम गार होतो. आईने सोलापूरहून पाठवलेल्या सुती बनियनी मी उन्हाळ्यासाठी ठेवल्या आहेत.

जे कोणी सांगत नाही ते असे की, साइटवरच्या प्लॅस्टिकच्या संडासात जायचे म्हणजे एका बाईला पाच थर उतरवून पुन्हा चढवावे लागतात. ते टाळण्यासाठी मी पाणी पिणेच कमी केले. डिसेंबरभर माझे डोके दुखत होते आणि मी दोष थंडीला देत होते. माझ्याबरोबरच्या जर्नीवुमनने, आमच्या साइटवरची ती एकमेव, हे न विचारता ओळखले आणि गरम ट्रेलरमधला संडास अप्रेंटिसनाही खुला करून घेतला. मी स्वतः ते कधीच मागितले नसते.

टोरांटो, इलेक्ट्रिशियन, चौथे वर्ष

माझा मुद्दा तासांचा आहे. ओंटारिओत आमच्या ट्रेडला वर्ग धरून ९,००० तास भरावे लागतात. काम थंडावले की जानेवारीत लेऑफ मिळतो, नाव युनियन हॉलच्या, काम मिळण्याची वाट बघणाऱ्यांच्या, यादीत जाते आणि तासांची वही जिथल्या तिथे थांबते. घरात बसून बर्फ बघताना बेकारी भत्त्यापेक्षा मला त्या न भरलेल्या तासांची जास्त चिंता असे. ज्याला हिवाळाभर आतले काम मिळते तो पुढे जातो, आणि ते मिळणे बरेचसे नशिबावर असते.

शिकागो, काँक्रीट फिनिशर, पहिले वर्ष (२०१९)

३० जानेवारी २०१९ ला शिकागोत उणे २३ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसच्या आसपास तापमान होते. त्या दिवशी साइट बंद होती, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. माझा प्रसंग पुढच्या महिन्यातला, त्या मानाने उबदार दिवसाचा आहे.

ओल्या काँक्रीटमधले पाणी गोठले तर ते कायमचे कमजोर राहते, म्हणून स्लॅबभोवती तंबू उभारून आत हीटर लावतात. काँक्रीट उबेत असते आणि त्याबरोबर आपणही, म्हणून ही ड्यूटी सगळ्यांना हवीशी वाटते. दुपारी मला मळमळू लागले, डोके जड झाले. सकाळी नुसत्या चहावर आलो होतो, त्याचेच हे फळ असावे असे वाटून मी फ्लोट, म्हणजे काँक्रीट सपाट करायची फळी, फिरवत राहिलो. वास्तविक हीटरचा धूर बाहेर नेणारा नळ सुटून आतच पडला होता आणि तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठत होता. युनियनचा स्टुअर्ड, म्हणजे साइटवरचा कामगार प्रतिनिधी, सहज डोकावला आणि त्याने सर्वांना ताबडतोब बाहेर काढले. फोरमन पोअरच्या, म्हणजे नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटच्या, काळजीने चिडला, तरी स्टुअर्डने वायू मोजणारा मीटर येईपर्यंत कोणालाही आत सोडले नाही. मला बरे वाटत नाही हे मी तासभर आधीच सांगायला हवे होते. परंतु मी प्रोबेशनवर होतो, आणि कुरकुऱ्या म्हणून नाव पडण्याची भीती मला त्या डोकेदुखीपेक्षा मोठी वाटली.

कॅल्गरी, शीट मेटल, दुसरे वर्ष

चिनूक या डोंगरावरून येणाऱ्या उबदार वाऱ्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. काही तासांत वीसएक अंशांनी पारा चढतो, छपरावरचे बर्फ वितळते, आणि वारा पडला की तेच पाणी काचेसारखे गोठते. त्या दुसऱ्या सकाळी छपरावर पहिले पाऊल टाकून मीठ पसरणारा कोण, हे सांगायला नको. बाकी डब्यातली पोळी पापडासारखी मोडते. मी आता भात थर्मासमध्ये नेतो.

एडमंटन, पुन्हा एकदा

शिकागोच्या मित्रांचा अनुभव वाचून राहवले नाही. माझ्या हाताखाली या हिवाळ्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा आहे. बोटे दुखतात का असे विचारले की तो दर वेळी नाही म्हणतो. म्हणून मी विचारणे सोडून दिले आहे. दर वीस मिनिटांनी त्याला शिडीवर चढवतो आणि शिडी मी धरतो.