मदत हवी आहे: महिला वॉर्डात पाळीचं, गर्भनिरोधनाचं विचारायचं कुणी?

सरकारी मनोरुग्णालयात महिला वॉर्डला स्टाफ नर्स आहे, बदली होऊन आठ महिने झाले. त्याआधी प्रसूती विभागात होते, म्हणून कदाचित हे जास्त खटकतं.

आमच्याकडच्या एका बाईची (वय २६) पाळी चार महिने आली नव्हती. आधी कुजबुज झाली, मग यूपीटी (लघवीवरून गर्भतपासणी). निगेटिव्ह. केस पेपर उघडला तर रिस्पेरिडोन (मानसिक आजाराची गोळी) चालू. छातीतून दूधही येत होतं, पण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. "वेडी म्हणतातच, आता आणखी काय म्हणतील," म्हणाली. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) या गोळीने वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी गोळी बदलली. इथवर ठीक.

पण आता पाळी सुरू होईल, म्हणजे दिवसही राहू शकतात. सोबत व्हॅल्प्रोएट (मनःस्थिती स्थिर ठेवणारी गोळी) चालूच आहे. पंधरा दिवसांत डिस्चार्ज, नवरा न्यायला येणार. आमच्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ नाहीत. बाहेरच्या ओपीडीत घेऊन गेले, तर ती शेजारी बसलेली असताना सगळे प्रश्न मला! सासूबाईंचं एकच पालुपद: "पिशवीच काढून टाका, कायमची कटकट जाईल." शेवटी तिला एकटीला विचारलं. "मूल हवंय, पण आत्ता नको."

हे मी लिहू कुठे? केस पेपरवर तसा रकानाच नाही. तुमच्याकडे हे कोण विचारतं, आणि डिस्चार्जच्या आधी काय काय करून घेऊ?

प्रतिसाद (मनोविकारतज्ज्ञ):
सिस्टर, आधी व्हॅल्प्रोएटचं बघा. या वयात ते शक्यतो देऊच नये, गर्भाच्या पाठीच्या कण्यात दोष राहण्याचा धोका असतो. मात्र एकदम बंद करायचं नाही. युनिटच्या डॉक्टरांना लेखी नोट द्या. बदलून कार्बामाझेपिन (त्याच कामाची दुसरी गोळी) दिलं, तर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, हे हमखास विसरलं जातं. तांबी आणि तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन सरकारीत फुकट मिळतं. प्रोलॅक्टिन बरेच महिने वाढलेलं असेल, तर त्यानेही हाडं विरळ होतात आणि अंतरानेही, म्हणून मी तांबी सुचवेन. निवड तिची.

प्रतिसाद (वकील):
सासूबाईंच्या सहीने पिशवी निघत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ नुसार मानसिक आजारावर उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी आहे. कलम २० मध्ये तर पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू पुरवण्याचाही उल्लेख आहे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली होती, तेव्हाही कारण पाळीच्या 'कटकटी'चंच होतं. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत, तारीख घालून नर्सिंग नोट्समध्ये लिहा.

प्रतिसाद (पुरुष वॉर्ड, ब्रदर):
आमच्याकडे एक जण गोळ्या गालात धरून नंतर थुंकायचा. दोन महिने आम्ही 'सहकार्य करत नाही' एवढंच लिहीत होतो. एका रात्रपाळीला म्हणाला, "ब्रदर, रजेवर घरी गेलो होतो, बायकोजवळ काहीच जमलं नाही." डोस कमी केल्यावर गोळ्या गिळायला लागला. सिस्टर, रकाना तयार केलात तर त्याचा नमुना इथे टाका, पुरुष वॉर्डालाही लागेल.